बैलजोडी, गाय-वासरू आणि मतपेटी

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ निवडणूक चिन्ह झालेल्या बैलजोडीच्या चित्राचं राजकारण समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. हे चित्र कोणत्याही पक्षाने घडवलेलं नव्हतं. ते आमच्या गोठ्यातून उचललेलं होतं.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात शंभरातले जेमतेम अठरा लोक साक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह चिकटवलं. मतदाराने आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, बस्स. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी. काँग्रेसला जू लावलेली बैलजोडी मिळाली. ज्याच्या अंगणात खरी जोडी उभी, त्याला त्या पेटीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नव्हती. प्रचाराचं अर्धं काम पोळ्याने आधीच करून ठेवलं होतं, असं मला वाटतं.

चिन्ह एका पक्षाचं झालं की मारही त्यालाच बसतो. जनसंघाची पणती, प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी. उत्तरेत घोषणा फिरली, ‘जली झोपड़ी, भागे बैल, यह देखो दीपक का खेल.’ ज्याला आवतण देऊन पुरणपोळी भरवायची, तोच बैल आता पळवून लावायचा होता.

१९६९ मध्ये काँग्रेस फुटली. जोडी कोणाची, हा वाद निवडणूक आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७१ च्या निवडणुकीत ती कोणालाच मिळाली नाही. इंदिरा गांधींच्या गटाला गाय-वासरू मिळालं आणि संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी बाई. सेवाग्रामच्या आसपासच्या माणसांना हा चरखा कसा दिसला असेल? गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. चरखा म्हणजे रोजची सूतकताई, स्वावलंबनाचं व्रत. १९३१ पासून काँग्रेसच्या तिरंग्यावरही तोच होता. १९४७ मध्ये राष्ट्रध्वजावर त्याच्या जागी अशोकचक्र आलं. आणि आता तोच चरखा भांडणाऱ्या दोन गटांपैकी एकाच्या नावावर लागला.

गाय-वासराची कथा जास्त बोचते. वसुबारसेला सवत्स गाय पुजणाऱ्या घरांत हे चिन्ह गेलं. इंदिरा गांधींच्या रायबरेलीतल्या १९७१ च्या विजयाविरुद्धच्या याचिकेत हे धार्मिक चिन्ह असल्याचा आक्षेपही होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो मानला नाही. पण आणीबाणीनंतर १९७७ मध्ये विरोधकांनी त्याच चित्राचा अर्थ फिरवला: गाय म्हणजे इंदिरा, वासरू म्हणजे संजय. चित्रातली एक रेघही बदलली नव्हती. वात्सल्याची खूण घराणेशाहीची खूण झाली, ती निव्वळ बोलण्याने.

१९७८ च्या फुटीनंतर इंदिरा काँग्रेसने हाताचा पंजा घेतला. पहिल्या निवडणुकीत हाताचं चिन्ह फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाकडे होतं, म्हणजे नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर यांच्याकडे. नागपुरात कधीकाळी ते कामगाराच्या बाजूचं चिन्ह होतं, हे आज आमच्याकडेही फार थोड्यांना आठवतं. हत्ती मात्र टिकला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडून तो रिपब्लिकन पक्षाकडे आणि पुढे बहुजन समाज पक्षाकडे गेला. दीक्षाभूमीच्या प्रदेशात त्याला बुद्धांची आई महामाया हिच्या स्वप्नातल्या हत्तीची जोड मिळाली, म्हणूनही तो मनात राहिला असावा.

आयोग आता नव्याने प्राण्यांची चिन्हं देत नाही. बैलजोडी पुन्हा मतपत्रिकेवर येणार नाही. पण पोळ्याच्या तोरणाखाली ती उभी असते. झडत्या, म्हणजे पोळ्यातली खटकेबाज पद्यं, म्हणताना कापसाच्या भावावरून सरकारला सुनावलं जातं, आणि अलीकडे काही शेतकरी बैलाच्या पाठीवर रंगाने लिहितात, ‘कर्जमाफी द्या.’