बोअर थांबते तिथून पुढे

बोअरची गाडी शेतात उभी राहिली की मालकाचं लक्ष पाण्याकडे असतं आणि गाडीवाल्याचं धुळीकडे. दर रॉडला बाहेर पडणारा भुगा तो मुठीत घेऊन बघतो. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, मध्येच गेरूसारखी लाल माती वर आली की म्हणतो, "थर बदलला." साडेसहा कोटी वर्षांमागे दख्खनच्या लाव्ह्याचा एक थर निवला, त्याच्या अंगावर माती धरली आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती गाडून टाकली. दोन लाव्ह्यांमधली ती उसंत हा माणूस चिमटीत धरून दाखवतो.

पण त्याची पोच फार तर हजारभर फुटांची. कोयना परिसरात गोठणे इथे २०१७ साली ३ किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि छोटे धक्के अजूनही बसतात. ते जिथे जन्मतात तिथपर्यंत उतरून बघावं, यासाठी कराडच्या प्रयोगशाळेचा हा खटाटोप. सुमारे साडेबाराशे मीटर काळा पाषाण गेला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी जुना खडक लागला. मध्ये ना वाळू, ना गाळ. ज्या सह्याद्रीला आपण अभंग म्हणत आलो, त्याच्या पाषाणाची तिथली बूड सव्वा किलोमीटरवरच लागते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडं चुकल्यासारखंच झालं.

याहून खोल गेले ते रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे लोक. १९७० मध्ये त्यांनी सुरुवात केली आणि १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गाठले. भोक जेमतेम वीतभर रुंदीचं. तळाशी १०० अंश तापमान असेल असा अंदाज होता, निघालं १८०. त्या उष्णतेत खडक असा वागायला लागला की पुढे ड्रिल चालेना. आज त्या भोकावर बोल्ट ठोकलेलं एक गंजकं झाकण आहे.

पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. ते आळंदी ते पंढरपूर अशा अडीचशे किलोमीटरच्या वारीएवढं मानलं, तर कोलावाले ४८० मीटर चालून थांबले. पालखी अजून आळंदीतच!

मग शाळेत घोकलेले भूकवच, प्रावरण, गाभा, म्हणजे ते गमतीदार नावाचं, निकेल-लोखंडाचं 'निफे', कुणी पाहिलं? कुणीच नाही. ते ऐकलं. मडकं घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं. फरक एवढाच की इथे टिचकी भूकंप मारतो आणि कान जगभर पसरलेले असतात.

या ऐकण्याची एक सुरुवात आपल्याकडचीच आहे. १२ जून १८९७ ला आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. दूर युरोपातल्या यंत्रांवरही त्याच्या नोंदी उमटल्या होत्या. त्यांत वेगवेगळ्या लहरी एकामागोमाग येताना ओल्डहॅमना ओळखू आल्या: आधी दाबत-सैलावत येणाऱ्या प्राथमिक, मागून आडव्या हेलकावणाऱ्या दुय्यम. १९०६ मध्ये त्यांनी मांडलं की पृथ्वीच्या पोटात लहरींचा वेग मंदावणारा एक वेगळा गाभा असला पाहिजे. गुटेनबर्ग यांनी त्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोल असल्याचं काढलं. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि गाभ्यातून त्या पार होत नव्हत्या. त्यामुळे गाभा म्हणजे वितळलेलं लोखंड, असं ठरून गेलं.

पण हिशेबात एक खोट होती, आणि ती सापडली कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्या इंगे लेमान यांना. द्रव गाभ्यात शिरताना प्राथमिक लहरी वाकतात, पाण्यात बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते त्याच कारणाने. म्हणून भूकंपाच्या पलीकडच्या बाजूला एक पट्टा 'सावलीत' राहतो, तिथे त्या पोचायला नकोत. १९२९ मध्ये न्यूझीलंडला मोठा भूकंप झाला तेव्हा याच सावलीतल्या रशियातल्या काही केंद्रांवर फिकट का होईना, लहरी आल्या. असली खरखर यंत्राच्या नाहीतर नोंद ठेवणाऱ्याच्या माथी मारणं सोपं होतं. लेमान बाईंनी ती खरी धरली. तेव्हा संगणक नव्हताच. रविवारी बागेत बसून, ओटच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भूकंपांच्या नोंदींची कार्डं लावत त्या काम करत. हिशेबापुरती त्यांनी पृथ्वी अगदी सोपी करून टाकली: प्रावरणात लहरी सेकंदाला १० किलोमीटर जातात, गाभ्यात ८. मग गाभ्याच्या आत आणखी एक गोळा ठेवला, जिथे वेग वाढतो. त्या गोळ्यावर आपटून फिरलेल्या लहरी बरोबर सावलीत येऊन पडल्या. १९३६ चा त्यांचा तो शोधनिबंध. त्याचं शीर्षक म्हणजे नुसतं 'पी' आणि त्याच्या खांद्याशी एक छोटी तिरकी रेघ.

हा अंतर्गाभा सुमारे ५,१५० किलोमीटर खोल सुरू होतो. म्हणजे आपल्या वारीतली जवळजवळ २०० किलोमीटरची वाट सरल्यावर. तो घन आहे याचा भक्कम पुरावा मिळायला १९७१ उजाडलं. लेमान बाईंना तो बघायला मिळाला. १९९३ मध्ये त्या गेल्या तेव्हा १०४ वर्षांच्या होत्या.

आता वाद आहे तो या गोळ्याच्या फिरण्याचा. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ सँडविच बेटांजवळ एकाच जागी, एकाच ताकदीचे भूकंप काही वर्षांनी पुन्हा होतात. त्यांच्या लहरी अंतर्गाभ्यातून जाऊन अलास्कात उमटतात. १९९१ ते २०२३ मधल्या अशा १२१ भूकंपांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघितल्या गेल्या. त्यावरून अंतर्गाभा आधी बाकीच्या पृथ्वीपेक्षा किंचित पुढे धावत होता आणि २०१० च्या आसपासपासून किंचित मागे पडतोय, असं एक मत आहे. गोळ्याचा पृष्ठभागच बदलतोय असंही काही जण म्हणतात. दोन्ही बाजूंच्या हातात पुरावा एकच आहे, एकावर एक ठेवलेल्या दोन नागमोडी रेघा. बऱ्याच अंतरापर्यंत त्या तंतोतंत जुळतात, आणि मग एका जागी केसभर सरकतात.