बिनपगारी फायरमन आणि सिव्हिल डिफेन्सचा वॉर्डन

७ मे २०२५ ला देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची, म्हणजे सिव्हिल डिफेन्सची, मॉक ड्रिल जाहीर झाली, मुंबईत भोंगे वाजले, आणि तेव्हापासून एकच प्रश्न माझ्यामागे लागला आहे. वाडीतली पोरं विचारतात, मंडळाचे कार्यकर्ते विचारतात, परवा बँकेच्या रांगेत एका आजोबांनीही विचारलं: ‘तुम्ही सिव्हिल डिफेन्सवाले म्हणजे आपल्याकडचे व्हॉलंटिअर फायरमनच ना? अमेरिकेत असतात तसे?’

नाही. गेली अठरा वर्षं मी गिरगावात सिव्हिल डिफेन्सच्या वॉर्डनचं, म्हणजे आपल्या वाडीकडे लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकाचं, काम करतोय आणि हे ‘नाही’ मी इतक्यांदा म्हटलंय की आता एकदा सगळं लिहूनच काढतो. घोळ नुसता नावाचा असता तर मी सोडून दिला असता. पण ह्याच घोळापायी माणसं धुरात शिरतात.

आपल्या अग्निशमन दलाबद्दल मुंबईकराला वेगळं काय सांगायचं? भायखळ्याचं मुख्यालय, लाल बंब, १०१ नंबर. १८६५ साली पोलिसांच्या हाताखाली सुरू झालं, पुढे महापालिकेकडे आलं, आणि आज त्यातला प्रत्येक जवान पगारी, पूर्णवेळ नोकर आहे. मुंबईची आग विझवायला बिनपगारी माणूस येत नाही. हे पक्कं धरून पुढे वाचा.

आता अमेरिका. १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिननं फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून आग विझवणारी मंडळी उभी केली. आपापली कातडी बादली घेऊन धावत यायचं, असा करार होता. ती पद्धत आजही टिकून आहे. तिथे लहान गावांत आणि उपनगरांत बंबखाना गावकरीच चालवतात. कोणी प्लंबर, कोणी शाळामास्तर, कोणी दुकानदार. कमरेचा पेजर वाजला की जेवणाच्या ताटावरून उठायचं आणि निघायचं. जर्मनीतही हेच. मोठ्या शहरांत पगारी दल, बाकी गावोगावी स्वयंसेवी. चिलीत तर देशभरातले फायरमन बिनपगारी आहेत, उलट स्वतःच वर्गणी भरतात. वालपराइसो बंदरात १८५१ साली त्याची सुरुवात झाली.

गोंधळ ‘स्वयंसेवक’ ह्या शब्दापाशी सुरू होतो. आपल्याकडे स्वयंसेवक म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं? छातीला बिल्ला लावून मंडपात दोरी धरणारा पोरगा. किंवा संमेलनात पाण्याचे ग्लास फिरवणारी मुलगी. म्हणजे मुख्य काम दुसऱ्याचं, हा मदतीला. त्यामुळे न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा जेव्हा सांगतो की त्याच्या शेजारचा गृहस्थ व्हॉलंटिअर फायरमन आहे, तेव्हा इथे घरातले समजतात की तो गृहस्थ पाइप धरून उभा राहत असेल आणि खरे फायरमन आत जात असतील. साफ चूक. तो गृहस्थच खरा फायरमन. ‘फायरफायटर वन’ची परीक्षा त्यालाही द्यावी लागते, तोंडावर मास्क आणि पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन तोच धुरात रांगतो, शिडीवर तोच चढतो. (त्या सिलिंडरमध्ये दाबाखाली भरलेली साधी हवा असते. बातम्यांत दर वेळी ‘ऑक्सिजन सिलिंडर’ छापून येतं तेव्हा माझं डोकं फिरतं. आगीत ऑक्सिजन घेऊन कोण जाईल?) कंपनीतले (गावच्या बंबखान्याच्या मंडळींना तिथे ‘फायर कंपनी’ म्हणतात) सगळेच आत जात नाहीत हे खरं, काही जण फक्त बाहेरची कामं करतात. पण जे आत जातात त्यांच्या आणि शहरातल्या पगारी जवानाच्या कामात फरक नाही. कामावर मृत्यू आला तर अमेरिकेचं केंद्र सरकार घरच्यांना जी मदत देतं, ती १९७६ च्या कायद्यानं पगारी-बिनपगारी दोघांच्याही घरी जाते. तिथे ‘व्हॉलंटिअर’ हा शब्द फक्त पगाराबद्दल बोलतो. कामाबद्दल तो काहीच सांगत नाही.

आमच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. अमेरिकेतल्याला हा शब्द खाली ओढतो, आम्हाला उगाच वर चढवतो. ‘तुम्ही पण व्हॉलंटिअर, ते पण व्हॉलंटिअर, मग तुम्ही पण फायरमन.’ त्यात नागरी संरक्षणाच्या बारा सेवांपैकी एकीचं नावच ‘अग्निशमन सेवा’ आहे, त्यामुळे लोकांची खात्रीच पटते. पण त्या सेवेतला माणूस अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली हाताशी राहतो, स्वतःच्या अकलेनं आगीत उडी घेत नाही. आणि माझ्यासारखा वॉर्डन तर फायरमन मुळीच नव्हे. मी वाडीतला शेजारी आहे, ज्याला थोडं शिकवलेलं आहे.

मग फरक नेमका कुठे पडतो? उंबरठ्यावर.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वाडीत, संध्याकाळी सात-सव्वासातला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत देव्हाऱ्यातल्या दिव्यानं पडदा धरला. पडद्यावरून गादीवर गेलं. कापसाची गादी भडकत नाही, धुमसते, आणि धूर एवढा काढते की हाताचा पंजा दिसत नाही. मी जिना चढेपर्यंत दाराच्या वरच्या फटीतून काळपट पिवळा धूर गॅलरीत लोटत होता. आतल्या खोलीत एक आजोबा होते. वाडीतलाच एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं, तर तो माझ्यावरच ओरडला: ‘काका, तुम्ही सिव्हिल डिफेन्सचे ना? मग आत का जात नाही?’

त्याचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. आत माणूस आहे आणि आपण दाराशी उभे आहोत, ह्यापेक्षा अवघड उभं राहणं नाही. पण ओल्या रुमालानं काजळी थोडीफार अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. घरच्या आगीत माणसं भाजून मरतात त्यापेक्षा धुरानं जास्त मरतात. अशा धुरात काही श्वासांतच पाय जड होतात, दिशा कळेनाशी होते, दार मागे आहे की पुढे हे समजत नाही. तो मुलगा आत गेला असता तर पाच मिनिटांनी आलेल्या जवानांना एकाऐवजी दोघांना शोधावं लागलं असतं, आणि त्यातला दुसरा कुठे पडलाय हे कोणालाच माहीत नसतं.

आम्ही केलं ते असं. पुढचं दार ओढून घेतलं. लोकांना हे कळत नाही, त्यांना वाटतं दार उघडलं की धूर बाहेर जाईल आणि आतल्याला बरं वाटेल. उघड्या दारातून आगीला ताजी हवा मिळते आणि धुमसणारी गादी पेट घेते. मजल्याचा मेन स्विच पाडला. त्याच मुलाला मी मागच्या गॅलरीत पाठवलं, कारण आजोबांच्या खोलीची खिडकी तिकडे उघडते. तिथून तो हाका मारत राहिला, ‘आजोबा, खिडकीशी या, खाली बसा, तोंड गजांना लावा.’ आजोबांना ऐकू कमी येतं, म्हणून तो ताट वाजवून बोलावत होता. खाली दोघांनी वाडीच्या तोंडाशी लावलेल्या स्कूटर उचलून बाजूला केल्या. गिरगावच्या गल्लीत बंब अडतो तो बहुतेक वेळा ह्याच स्कूटरींपाशी.

बंब आला, अग्निशमन केंद्राचे अधिकारी जिन्यातच भेटले. पहिला प्रश्न: ‘आत कोणी?’ मी म्हणालो, ‘साहेब, एक आजोबा, मागच्या खोलीत, खिडकीशी बसलेत, ऐकू कमी येतं. आत शिरल्यावर डावीकडे ओटा, सिलिंडर त्याच्याखाली, चालू असावा.’ मास्क चढवून दोघे जोडीनं आत गेले, दोन मिनिटांत आजोबांना घेऊन बाहेर आले. अनोळखी खोलीत, डोळ्यांपुढे काही दिसत नसताना, भिंत चाचपत प्रत्येक कोपरा तपासायला त्यांना किती वेळ लागला असता, ह्याचा विचार करा.

वॉर्डनचं काम ते हे. आगीच्या आधीची वर्षं, बंब येईपर्यंतची मिनिटं, आणि दाराच्या अलीकडची जागा. आमच्याकडे बीए सेट (तो मास्क आणि पाठीवरचा हवेचा सिलिंडर) नाही, पाण्याची लाइन नाही, मागे उभी राहणारी दुसरी तुकडी नाही. अमेरिकेतल्या बिनपगारी फायरमनकडे हे सगळं असतं, म्हणून तो उंबरठा ओलांडतो. अंगात हिंमत कमी म्हणून आम्ही थांबत नाही. कचऱ्याच्या डब्याएवढी आग आम्हीही विझवतो, पिन काढून नोझल ज्वाळांच्या बुडाशी धरायला आम्ही सगळ्या वाडीला शिकवलंय. पण धूर छताला लागून खाली उतरायला लागला की माणसं बाहेर, दार बंद.

उरलेले घोळ किरकोळ आहेत. होमगार्ड वेगळे: १९४६ च्या डिसेंबरात दंग्यांच्या काळात ह्याच मुंबईत उभे राहिले, पोलिसांच्या मदतीला असतात, बंदोबस्ताचा दिवसाचा भत्ता मिळतो. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा आहे. तो हवाई हल्ल्यांच्या काळजीतून आला, आणि पुढच्या दुरुस्तीनं त्यात आपत्तीचं कामही घातलं. आपदा मित्र ही आपत्तीत मदतीला शिकवलेल्या स्वयंसेवकांची तिसरीच योजना. आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींनो, जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी, म्हणजे इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, माझ्यासमोर सहीला आणू नका. ती सही परवानाधारक एजन्सीची, आणि यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी कायद्यानं मालकाची नाहीतर वापरणाऱ्याची, म्हणजे तुमचीच.

तारखांची सरमिसळ मात्र मला लागते. १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो तेव्हा काही ठिकाणी ‘सर्व स्वयंसेवकांना मानवंदना’ असे फलक लागतात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाची आग विझवताना स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले. जहाजावर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र होता. ती माणसं ड्युटीवर होती, पाण्याचे पाइप त्यांच्या हातात होते. तो दिवस त्यांचा. आमचा आणि होमगार्डचा दिवस ६ डिसेंबर. दोन्ही तारखा मुंबईकराला बाबासाहेबांमुळे पाठच असतात, त्यामुळे विसरायचं काहीच कारण नाही.

एका बाबतीत मात्र ती अमेरिकेतली कंपनी आपल्याला फार जवळची वाटेल, आणि ती वॉर्डनसारखी नाही, गणेशोत्सव मंडळासारखी आहे. तिथला बंबखाना हा गावाचा कट्टा असतो. रविवारी पॅनकेकची न्याहारी करून पैसे जमवतात, बिंगो खेळवतात, जत्रा भरवतात, गावकऱ्यांचे समारंभ त्यांच्याच हॉलमध्ये होतात. बाप कंपनीत, मुलगा कंपनीत, निवडणुकीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोघे पेजर वाजला की एकाच गाडीत. हे वाचून ज्याला आपल्या मंडळाची आठवण येत नाही तो मुंबईत वाढलेला नाही. आपल्याकडे ही सगळी ऊर्जा, वर्गणी, रात्र रात्र जागणारी पोरं मंडळांत आहेत, आणि माझं ठाम मत आहे की वॉर्डन तिथूनच आले पाहिजेत. ज्याला प्रत्येक खोलीत वर्गणीला जाऊन कोण कुठे राहतं हे ठाऊक आहे, त्याची अर्धी तयारी आधीच झालेली असते.

त्या संध्याकाळी माझ्यावर ओरडलेला मुलगाही मंडळाचाच. पुढच्या महिन्यात तो स्वतःहून आमच्या सिव्हिल डिफेन्सच्या वर्गाला आला. पहिल्या रविवारी त्याच्या हातात स्टिरप पंप, म्हणजे बादलीतलं पाणी आगीवर मारायचा हातपंप, दिला. बादलीत उभा करायचा, कडीवर पाय रोवायचा, दांडा वर-खाली करायचा. एक जण पंप मारतो, दुसरा खाली वाकून नोझल धरतो, तिसरा बादल्या भरून आणतो. त्याला ते जुनाट वाटलं, त्याला बीए सेट हवा होता. मी त्याला सांगितलं की मनापासून आत जायचं असेल तर दलाची भरती निघेल तेव्हा अर्ज कर, पळण्याचा सराव आत्तापासून ठेव, वाडीत तुझ्या निवडीचे पेढे मी वाटीन. तोवर वॉर्डन म्हणून एक काम कर.

त्यानं ते वही घालून केलं. आमच्या चाळीच्या तिन्ही मजल्यांची यादी आता त्याच्याकडे असते, दर दिवाळीला तो ती नव्यानं लिहितो. गेल्या वेळची शेवटची नोंद अशी होती: ‘तिसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली. आजी एकट्या. दुपारी झोपतात, कडी लावून. खाट मोरीला लागून. चष्मा नसेल तर दार सापडत नाही.’