वेतनदरांची सूचना: दर सहा महिन्यांनी नवा कागद का लावावा लागतो?

आमच्याकडे पगारपत्रक आणि कामगार कायद्यांचे काम सोपवणारे कारखानदार व दुकानदार एक प्रश्न वारंवार विचारतात: सूचनाफलकावरचा वेतनदरांचा तक्ता आम्ही लॅमिनेट करून, एकदाच आणि कायमचा का देत नाही? त्याचे सविस्तर उत्तर येथे देत आहोत.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या कलम ५० नुसार आस्थापनेतील ठळक जागी सूचना लावणे मालकावर बंधनकारक आहे. तीत संहितेचा गोषवारा, कामगारांच्या वर्गवारीनुसार वेतनाचे दर, वेतनाचा कालावधी, पगाराचा वार किंवा तारीख व वेळ, तसेच आपल्या क्षेत्राच्या निरीक्षकांचे नाव व पत्ता असावा लागतो. बाजारात मिळणारा छापील फलक यांपैकी गोषवाऱ्याची गरज भागवतो. बाकीचा मजकूर प्रत्येक आस्थापनेचा वेगळा असल्यामुळे तो कोणालाही आधी छापून ठेवता येत नाही.

सर्वाधिक घोळ होतो तो दरांच्या रकान्यात. महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ दर आणि विशेष भत्ता यांची बेरीज. मूळ दर वर्षानुवर्षे तोच राहू शकतो, परंतु विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असल्याने १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखांपासून नव्याने ठरतो. त्याचे परिपत्रक अनेकदा सहामाही सुरू झाल्यानंतर हाती येते, आणि तोपर्यंत जुन्या दराने पगार झालेला असेल तर मधल्या महिन्यांचा फरक द्यावा लागतो. जाड काचेच्या चौकटीत बसवलेला तक्ता बदलण्याचा कंटाळा केला जातो, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून आम्ही साधा कागद देतो आणि त्यावर सहामाही ठळक अक्षरांत लिहितो.

जुना कागद भिंतीवर राहिला तर एवढे काय बिघडते, असे आपल्याला वाटू शकेल. आमचा अनुभव असा की जिथे फलक जुना असतो, तिथे बहुधा पगारही जुन्याच दराने निघत असतो, आणि खरा धोका तिथे आहे. कमी वेतन दिल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कामगाराला तीन वर्षांच्या आत फरकाचा दावा करता येतो आणि त्यावर मूळ दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई मंजूर होऊ शकते. फलक, पगारपत्रक आणि वेतनचिठ्ठी या तिन्हींवर दर एकच आहे का, हे म्हणूनच आम्ही प्रत्येक सहामाहीत ताडून पाहतो. मासिक शुल्कात हे काम धरलेले आहे. त्याची वेगळी आकारणी होत नाही.

शेजारच्या गाळ्यातील फलकाचा फोटो पाठवून ‘असाच करून द्या’ असे कृपया सांगू नये. शेजारी अभियांत्रिकी कारखाना असेल आणि आपले दुकान असेल, तर दोघांचे दर वेगळे असतात. शिवाय दर परिमंडळानुसार बदलत असल्याने एकाच मालकाचे शहरातील दुकान आणि तालुक्यातील गोदाम यांचे तक्तेही वेगळे होऊ शकतात.

आमचा सर्वाधिक वेळ मात्र अपुऱ्या माहितीमुळे जातो. ‘एकूण १४ माणसे’ एवढ्यावरून तक्ता करता येत नाही. त्यांपैकी कुशल किती, अर्धकुशल किती, अकुशल किती आणि प्रत्येक जण प्रत्यक्षात कोणते काम करतो, हे कळावे लागते. यंत्र चालवणाऱ्याला केवळ हुद्दा ‘हेल्पर’ आहे म्हणून अकुशल दाखवणे आम्हाला मान्य नाही, आणि मालकाच्याही हिताचे नाही.

पगाराची तारीख लिहितानाही जपावे. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हावा लागतो. ‘१० तारीख’ असे लिहिलेला फलक म्हणजे मालकाने स्वतःच भिंतीवर लावलेली कबुली ठरते. कामगार बहुतांशी हिंदी वाचणारे असतील, तर मराठीसोबत हिंदी प्रतही आम्ही देतो.

जून आणि डिसेंबरच्या २० तारखेपर्यंत कामगारांची वर्गवारीनिहाय यादी, त्या सहामाहीत रुजू झालेले व सोडून गेलेले यांच्या नोंदींसह, आमच्याकडे पाठवावी. नवे दर हाती येताच कागद आपल्याकडे पोहोचेल. तो लावल्यावर तारीख दिसेल असा फोटो काढून आम्हाला पाठवावा, म्हणजे तो आपल्या फाइलमध्ये जोडता येईल.