आवृत्ती नियंत्रण प्रणाली

संगणकावरील फाइलींमध्ये होणारे बदल कर्ता, वेळ व कारण यांसह जतन करणारी आणि कोणतीही जुनी आवृत्ती जशीच्या तशी काढून देणारी व्यवस्था. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून ऐरोली-महापेपर्यंतच्या सॉफ्टवेअर कार्यालयांत ती रोजच्या वापरातली आहे. ‘कमिट मारणे’ (बदलांची नोंद कायम करणे), ‘ब्रँच काढणे’ (कामाची वेगळी शाखा सुरू करणे), ‘मर्जला कॉन्फ्लिक्ट येणे’ (शाखा एकत्र करताना बदल एकमेकांवर आदळणे) हे प्रयोग तिथल्या बोलण्यात रुळलेले आहेत.

पहिली प्रणाली कोणती, याबद्दल एकमत नाही. १९६०च्या दशकातील मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर पंच कार्डांच्या गठ्ठ्यात दुरुस्त्या लावण्याच्या सोयी होत्या आणि काहीजण उगम तिथे शोधतात. मात्र त्या सोयी बहुतांशी दुरुस्ती लावून नवी फाइल देत. हवी ती जुनी आवृत्ती मागता येईल असा इतिहास साठवणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यामुळे बेल लॅबोरेटरीजमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी सुमारे १९७२ मध्ये लिहिलेल्या एससीसीएसपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. तिच्यात सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलीत विणलेल्या असत आणि कोणती ओळ कोणत्या बदलात आली व कोणत्या बदलात गेली, याच्या खुणा सोबत असत. कालची आवृत्ती काढायची असो वा पाच वर्षांपूर्वीची, सारी फाइल वाचावी लागे.

वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकारंभी पर्ड्यू विद्यापीठात केलेल्या आरसीएसने हा क्रम फिरवला. ताजी आवृत्ती अखंड ठेवायची आणि मागे जाण्यासाठी उलटे फरक. सातबारा हाती ताजा असतो आणि मागचे शोधायला त्यावरील फेरफार क्रमांक धरून गाव नमुना ६ उघडावा लागतो, तसेच हे. सीव्हीएस व सबव्हर्जन यांनी मध्यवर्ती सर्व्हरवरून अनेकांचे काम जुळवले.

एप्रिल २००५ मध्ये, लिनक्स कर्नलच्या विकासकांना बिटकीपर या आवृत्ती नियंत्रण प्रणालीचा मोफत वापर बंद झाल्यावर, लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी गिट ही प्रणाली लिहिली. मर्क्युरिअल ही प्रणालीही त्याच महिन्यातली. गिटमध्ये मजकुराचे नाव मजकुरातूनच निघते. ‘ठाणे’ हा एकच शब्द आणि ओळ संपल्याची खूण एवढीच फाइल घेतली, तर यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत चार चिन्हांचे १२ आणि खुणेचा १, असे १३ बाइट होतात. त्यापुढे ‘ब्लॉब’ (फाइलचा मजकूर) हा प्रकार, एक मोकळी जागा, लांबी आणि शून्य बाइट असे ८ बाइटांचे शीर्षक लागते. या २१ बाइटांवरून एसएचए-१ पद्धतीने ४० अंकाक्षरांचा ठसा काढतात, तेच वस्तूचे नाव. फाइलचे नाव ब्लॉबमध्ये नसते, ते ‘ट्री’ या फोल्डरच्या यादीत असते, म्हणून समान मजकुराच्या दहा फाइली एकदाच साठतात. कमिटमध्ये ट्रीचा व आधीच्या कमिटचा ठसा असतो. त्यामुळे जुन्या कमिटचे एक अक्षर हलवले तरी पुढची सारी नावे बदलतात, आणि इतिहासावर विसंबता येते ते यामुळेच. या रचनेत ब्रँच म्हणजे केवळ एका कमिटचा ठसा लिहिलेली ४१ बाइटांची फाइल.

गिट फरक साठवते की पूर्ण प्रत, हा वाद वारंवार निघतो. रचनेचा विचार करता पूर्ण प्रत हेच उत्तर योग्य. अनेक वस्तू एकत्र बांधणाऱ्या पॅकफाइलीत जागा वाचवण्यासाठी फरक वापरले जातात खरे, पण ते परस्परसदृश वस्तूंमधले असतात आणि त्यांचा कमिटच्या क्रमाशी संबंध असेलच असे नाही. तिथेही नवी वस्तू सहसा अखंड राहते. टिची यांचीच नीती. फाइलचे नामांतर नोंदवले जात नाही, साम्यावरून नंतर ओळखले जाते.

२०१७ मध्ये एकाच एसएचए-१ ठशाच्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली करून दाखवण्यात आल्या. त्यानंतर गिटने अशी टक्कर (वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच येणे) ओळखणारी अंमलबजावणी स्वीकारली. एसएचए-२५६ची प्रायोगिक सोय २०२० मध्ये आली.

मराठी मजकूर ठेवणाऱ्यांनी एक बाब विशेष जपावी. ‘खाडीकिनाऱ्यावर’मधील अर्धा र ‘ऱ’ व हलंत असा ६ बाइटांत लिहिता येतो, किंवा ‘र’, हलंत आणि शून्यरुंदी जोडचिन्ह असा ९ बाइटांत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दोघांचे कीबोर्ड वेगळे असले, की हूबेहूब दिसणारी ओळ वर लाल, खाली हिरवी अशी बदललेली दाखवली जाते. युनिकोडचे प्रमाणित रूपांतर हे जोडचिन्ह काढत नाही. म्हणून कमिटपूर्वी आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे हुकमध्ये, ‘र’, हलंत व जोडचिन्ह हा क्रम शोधून त्याजागी ‘ऱ’ व हलंत घालावे लागते.