अमारोनेची द्राक्षे थंडीत का वाळवतात?

इटलीतील वेरोना शहराच्या उत्तरेला असलेल्या वाल्पोलिचेल्ला या डोंगराळ भागात ‘अमारोने’ ही लाल वाइन तयार होते. 2010 मध्ये तिला ‘डीओसीजी’ हा इटलीतील वाइनचा सर्वोच्च भौगोलिक दर्जा मिळाला. हेक्टरी 12 टनांपर्यंतच उत्पादन आणि द्राक्षांत कोर्विना व कोर्विनोने या जातींचा किमान 45 टक्के वाटा, असे तिचे नियम आहेत. त्यांतला खरा रंजक नियम मात्र वाळवणीचा आहे.

शरद ऋतूत तोडलेले घड हवेशीर माडीवर, बांबूच्या ताटव्यांवर किंवा उथळ क्रेटमध्ये, एकमेकांवर न रचता एकाच थरात पसरतात. घड दाटले की बुरशी धरते. आर्द्रता शोषणारी यंत्रे वापरायला परवानगी आहे, पण उष्णतेवर चालणाऱ्यांना नाही, आणि सामान्यतः 1 डिसेंबरपूर्वी ही द्राक्षे गाळता येत नाहीत. तासगावच्या बेदाण्याशी तुलना केली, तर फरक लगेच लक्षात येतो. तिथे मण्यांवरचे मेण तेल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणाने सैल करून वाळवणी दोनतीन आठवड्यांत उरकतात. इथे मेण तसेच ठेवून पाणी सावकाश जाऊ देतात.

100 किलो द्राक्षांत 20 किलो साखर असेल आणि वजन 35 किलोंनी घटले, तर उरलेल्या 65 किलोंत साखरेचे प्रमाण सुमारे 30 टक्के होते. एवढेच साधायचे असते, तर भट्टीनेही भागले असते. परंतु तोडलेला मणी काही काळ जिवंत असतो: त्याच्या पेशी श्वसन करतात, त्यात द्राक्षाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल खर्ची पडते, आणि पाणी आटण्याच्या ताणामुळे सालीत रेस्वेराट्रॉलसारखी (वनस्पती स्वतःच्या बचावासाठी बनवते ती) संयुगे वाढतात. उष्णतेने पेशी मेल्या, तर हे काहीच घडत नाही.

पुढचे काम यीस्टचे, म्हणजे साखरेचे मद्यार्क करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे, आणि तेही सोपे नाही. दाट साखरेचा रस यीस्टच्या पेशीतले पाणी बाहेर ओढतो. तग धरण्यासाठी ती ग्लिसरॉल हा दाट, गोडसर पदार्थ तयार करते, ज्याने वाइनला भरीवपणा येतो. हिवाळ्याच्या थंडीत ही आंबवण रेंगाळते. ती मध्येच थांबली तर गोड ‘रेचोतो’ वाइन बनते; साखर जवळजवळ संपेपर्यंत चालली, तर ‘अमारो’ म्हणजे कडू, यावरून नाव पडलेली अमारोने. मद्यार्क किमान 14 टक्के हवा.

त्यानंतर सुगीपुढील 1 जानेवारीपासून दोन वर्षे मुरवणे बंधनकारक असते. त्यामुळे 2020 मध्ये तोडलेल्या द्राक्षांची बाटली 2023 उजाडेपर्यंत दुकानात येऊ शकत नव्हती.