गाडी रस्त्यावर, प्लग दुसऱ्या मजल्यावर

जळगावच्या जुन्या पेठांमधून रात्री दहानंतर पायी गेलं की हल्ली एक दृश्य हटकून दिसतं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडलेली असते, तिच्या टोकाला एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डावर पाणी पडू नये म्हणून पालथी घातलेली प्लास्टिकची बादली, आणि शेजारी चार्जिंगला लावलेली स्कूटर. घरातलं कुणीतरी मधूनमधून खिडकीशी येऊन खाली डोकावतं. वायर कुणी ओढली नाही ना, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकला नाही ना, एवढीच त्याची काळजी.

ही वायर दिसते साधी, पण तिच्यामागे दोनशे वर्षांची नगररचना आणि गेल्या दहा वर्षांची सरकारी धोरणं आहेत. ज्यांच्या घराला स्वतःचं पार्किंग नाही त्यांनी इलेक्ट्रिक गाडी चार्ज कुठे करायची, हा प्रश्न मुंबई-पुण्याचा आहे असं समजलं जातं. तो धुळ्याच्या गल्लीतही तेवढाच खरा आहे. फरक इतकाच की धुळ्या-जळगावचं नाव घेऊन तो कुणी मांडलेला नाही.

सुरुवात रस्त्यांपासून करावी लागेल. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळं हे मुख्य ठाणं ठरवलं. पुढच्याच वर्षी नव्या धुळ्याची उभारणी सुरू झाली. सरळ रेषेतले रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, बऱ्हाणपूर आणि इतर ठिकाणांहून बोलावून वसवलेले व्यापारी आणि कारागीर. त्या आखणीमुळेच धुळ्यात आजही पत्ता नंबराने सांगतात: चार नंबर गल्ली, पाच नंबर गल्ली. त्या काळाच्या मानाने ही रचना फार विचारपूर्वक केलेली होती. पण तिच्यात घर रस्त्याला थेट भिडतं. ओटा संपला की रस्ता सुरू. मधे अंगण नाही, कुंपण नाही.

जळगावची गोष्ट थोडी वेगळी. १८६० च्या दशकात रेल्वे इथवर आली आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे खानदेशी कापसाला भाव आला. बाजार वाढला, पेठा वाढल्या. बळीराम पेठ, नवी पेठ, शनिपेठ, जोशी पेठ. रस्ते बैलगाडी वळेल आणि गाठोडी उतरतील या हिशेबाने ठेवलेले. गाडीवान रात्री मुक्कामाला थांबायचा तो धर्मशाळेत किंवा बाजाराच्या मोकळ्या जागेत, मालकाच्या दारात नव्हे. भुसावळला रेल्वेने वसाहती उभारल्या, त्यात चाकरमान्यांची क्वार्टर्स आली. कामगाराकडे स्वतःचं वाहन असेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणंही शक्य नव्हतं.

मग सायकली आल्या, त्या भिंतीला टेकल्या. स्कूटर आल्या. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना ओट्याच्या पायरीवर टाकायची लाकडी फळी आठवत असेल. संध्याकाळी ती फळी लावून स्कूटर ढकलत पुढच्या खोलीत न्यायची आणि सकाळी परत काढायची. पुढे घरात दोन दोन गाड्या झाल्या, पुढच्या खोलीचं दुकान झालं, खालचा मजला भाड्याने गेला आणि गाड्या बाहेरच राहू लागल्या. तेव्हा त्याने फारसं बिघडलं नाही. पेट्रोलच्या गाडीला उभं राहायला जागा लागते आणि इंधन भरायला पंप लागतो, पण या दोन जागा एकमेकींपासून वेगळ्या असतात. पंपावर पाच मिनिटं गेली की आठवडा निघतो. रात्री गाडी कुठे उभी आहे याचा टाकीशी काही संबंध येत नाही.

इलेक्ट्रिक गाडीने हे दोन प्रश्न एकत्र आणले. जिथे गाडी रात्रभर उभी, तिथेच तिचं इंधन. ज्याच्याकडे बंगला आहे त्याच्यासाठी ही मोठी सोय झाली. ज्याची गाडी रस्त्यावर आहे त्याच्यासाठी पूर्वी नसलेली अडचण उभी राहिली. जागेची जुनी विषमता इंधनाच्या खर्चातही उतरली, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

आता धोरणांकडे येऊ. इलेक्ट्रिक गाड्यांना प्रोत्साहन देणारी केंद्राची फेम योजना १ एप्रिल २०१५ ला सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून दहा हजार कोटींच्या तरतुदीसह आला. भर गाडीच्या किमतीवर मिळणाऱ्या सवलतीवर होता. चार्जिंगच्या बाबतीत खरा अडथळा कायद्याचा होता: वीज कायदा २००३ प्रमाणे वीज विकायला परवाना लागतो, मग चार्जिंग करून देणं म्हणजे वीज विकणं का? १३ एप्रिल २०१८ ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की ती सेवा आहे, विक्री नाही, म्हणून परवान्याची गरज नाही. हा खुलासा नसता तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सॉकेट लावून पैसे घेणंही अडचणीचं झालं असतं. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र ग्राहकवर्ग केला.

डिसेंबर २०१८ मध्ये चार्जिंगच्या सोयींसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात निदान एक चार्जिंग स्टेशन, महामार्गावर दर २५ किलोमीटरवर दोन्ही बाजूंना एक. कागदावर हे नीटनेटकं होतं. पण हा चौकोन पेट्रोल पंपाच्या विचारातून आलेला होता. चार्जिंगला चार-पाच तास लागत असतील तर दीड किलोमीटरवर गाडी लावून रात्री घरी चालत कोण येणार? २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमांत बदल होऊन नव्या इमारतींतल्या पार्किंगपैकी २० टक्के जागेला चार्जिंगची सोय सुचवली गेली. तीही नव्या इमारतींना. ज्या इमारतीला पार्किंगच नाही, तिचे २० टक्के म्हणजे शून्य.

महाराष्ट्राचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०१८ मध्ये आलं आणि जुलै २०२१ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं. या दुसऱ्या धोरणात चार्जिंग स्टेशनची शहरवार उद्दिष्टं दिली होती. मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. यादी इथेच संपते. जळगाव नाही, धुळं नाही. दोन्ही शहरं २००३ पासून महानगरपालिका आहेत. त्याच धोरणात चार महामार्ग चार्जिंगसाठी सज्ज करायचे ठरले: मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर. समृद्धी महामार्ग खानदेशाला दक्षिणेकडून वळसा घालून जातो. ज्या धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे देशातले दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, ते धुळं या नकाशात कुठेच आलं नाही.

धोरण लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. जिथे गाड्या जास्त तिथून सुरुवात करणं स्वाभाविक आहे. मंद गतीच्या चार्जरला किमतीच्या ६० टक्के, कमाल दहा हजार रुपये अनुदान होतं आणि ते साऱ्या राज्याला लागू होतं. स्वतःच्या आवारात चार्जर बसवणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्यावी, असंही स्थानिक संस्थांना सुचवलं होतं. पण ‘स्वतःच्या आवारात’ या दोन शब्दांतच पेठेतला माणूस बाहेर पडला.

ही गोष्ट मनाला जास्त लागते, कारण वीज इथेच तयार होते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रात १९६० च्या दशकापासून कोळसा जळतो आहे, तिथली राख आजूबाजूच्या गावांनी सोसली आहे. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. त्याच तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. भुसावळात रेल्वेच्या विजेवरच्या इंजिनांची देखभाल करणारी शेड आहे, कार्यशाळा आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्राचं काम बापाकडून मुलाकडे आलेल्या या गावात मुलाच्या स्कूटरला मात्र खिडकीतून वायर सोडावी लागते.

बाहेरच्या शहरांनी हा प्रश्न कसा हाताळला तेही थोडक्यात पाहू. ॲमस्टरडॅममध्ये २००९ पासून रस्त्याकडेला चार्जर बसू लागले. तिथल्या पद्धतीत रहिवासी अर्ज करतो आणि पालिका त्याच्या घराजवळ चार्जर उभारते, म्हणजे जागा मागणीवरून ठरते. लंडनमध्ये दिव्याच्या खांबातच सॉकेट बसवण्याची कल्पना रुजली. वेस्टमिन्स्टर भागातल्या सदरलँड ॲव्हेन्यूवरचे २४ खांब २०२० मध्ये असे बदलले गेले. रस्त्यावरचे दिवे एलईडी झाले, त्यांचा भार घटला, आणि उरलेली क्षमता गाड्यांना दिली. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये फुटपाथच्या कडेला शंभर प्लगचा प्रयोग सुरू केला.

यातलं आपल्याकडे जसंच्या तसं काही बसत नाही. तिकडे केबल जमिनीखाली आहे, गाडी उभी करायच्या जागा पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या आहेत आणि विचार चारचाकीचा आहे. आपल्याकडे तारा डोक्यावरून जातात, पट्टे नाहीत आणि प्रश्न मुख्यतः दुचाकीचा आहे.

दुचाकीचा आहे म्हणूनच तो सोपा आहे, हे मात्र ठासून सांगायला हवं. साध्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी तीन युनिटांच्या आसपास असते. तिचा घरगुती चार्जर साधारण पाऊण किलोवॉट खेचतो. दहा स्कूटर एकाच वेळी लावल्या तरी साडेसात किलोवॉट, म्हणजे दीड टनाच्या पाच एसींएवढाही भार नाही. यासाठी महामार्गावरच्यासारखं लाखोंचं यंत्र लागत नाही. लागतं एक मजबूत सॉकेट, नीट अर्थिंग, एमसीबी आणि मीटर. २०२१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी अशाच स्वस्त चार्जिंग पॉइंटचं मानक काढलं, तीन किलोवॉटपर्यंतचं, मोबाइलवरून चालू-बंद होणारं. त्याची किंमत साडेतीन हजार रुपयांपर्यंत खाली यावी असं उद्दिष्ट तेव्हा सांगितलं गेलं होतं. दिल्लीने त्याच सुमारास पहिल्या तीस हजार पॉइंटना प्रत्येकी सहा हजारांपर्यंत अनुदान दिलं आणि त्यात सोसायट्यांबरोबर किराणा दुकानांनाही धरलं.

घरात नळ येण्याआधी गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ असायचा. घरात फोन येण्याआधी कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ असायचा, आणि तो बहुधा शेजारचाच कुणीतरी चालवायचा. ज्याच्या घरी सोय नाही त्याच्यासाठी ती घराजवळच्या रस्त्यावर आणायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

खानदेशात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक करून ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. तरीही दुपारभर तापलेली गाडी लगेच प्लगला लावू नये, ती गार होऊ द्यावी, हेच शहाणपणाचं. म्हणजे इथे चार्जिंग रात्रीचंच, आणि रात्रीचं म्हणजे घराजवळचं. शिवाय त्याच रात्री घरोघरी कूलर चालू असतात, तेव्हा गल्लीच्या डीपीवर किती भार आहे हे आधी मोजूनच खांबावर सॉकेट द्यावं लागेल.

आणि इथे गाडी अडते ती खांबाशी. गल्लीतला खांब कुणाचा? तारा महावितरणच्या, दिवा महापालिकेचा, रस्ता महापालिकेचा, कधी मोठा रस्ता सार्वजनिक बांधकामाचा. खांबाला सॉकेट लावायचं तर मीटर कुणाच्या नावावर, बिल कोण भरणार, शॉक लागला तर जबाबदार कोण? जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनांमध्ये सरकारी जागा चार्जिंगसाठी देताना प्रति युनिट एक रुपया महसूल-वाटणीचा मार्ग सुचवला होता, तो रस्त्याकडेच्या जागेलाही वापरता येण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क मिळाला. महापालिका क्षेत्रात नवी जोडणी सात दिवसांत द्यायची मुदतही आली. हक्क आला, मीटरही मिळेल, पण ते बसवायला पेठेतल्या माणसाकडे ओट्याच्या पुढे भिंतच नाही.

नवा खांब रोवण्याआधी पेठेचे सण-उत्सवही पाहावे लागतील. कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, तेव्हा अरुंद वळणावर रथ आणि भोवतीची गर्दी सामावेल एवढी जागा मोकळी लागते. म्हणून नवे खांब उभारण्यापेक्षा आहेत त्याच खांबांवर आणि दुकानांच्या भिंतींवर, पावसाचं पाणी चढणार नाही इतक्या उंचीला सॉकेट देणं बरं.

ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगच्या सोयींसाठी दोन हजार कोटी रुपये वेगळे ठेवले आहेत. सरकारी यंत्रणांनी जागा सुचवायच्या आहेत. जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांना सुचवण्यासारख्या जागा शोधायला लांब जायची गरज नाही. रात्री नऊनंतर रिकामे होणारे भाजीबाजाराचे कट्टे, शाळांच्या कंपाउंडच्या बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्यांखालची मोकळी जागा. तिथे दिवा आधीपासून आहे, वीज आलेली आहे आणि पेठेतल्या घरांपासून ते अंतर पाच मिनिटांचं आहे.