कांद्याची पिशवी आणि ट्रॉलचं जाळं

मासेमारीची बंदी उठली की आमच्या बेळगावात कारवार, गोवा, मालवणची मासळी पुन्हा घाट चढून यायला लागते. परवा कॅम्पातल्या बाजारातून बांगडे आणले. घरी धुताना एक उचलून मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर ठेवला. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत १२ सेंटीमीटर. विकणाऱ्या मावशींना बाजारातच म्हटलं होतं, फार बारीक आहेत हो. त्या म्हणाल्या, "बारकाच गोड लागतोय. आणि दर्यात मासं काय संपत्यात व्हय?"

ही समजूत एकट्या मावशींची नाही. समुद्र अथांग, म्हणून मासेही अथांग, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. पण बांगडा पहिल्यांदा अंडी घालायला तयार होतो तो साधारण १७ ते १९ सेंटीमीटरचा झाल्यावर. माझ्या पट्टीवरचा बांगडा त्याआधीच ताटात आला होता. केरळने बांगड्यासाठी किमान लांबी १४ सेंटीमीटर ठरवली आहे, तारलीसाठी १०. म्हणजे कायद्यात बसणारा प्रत्येक बांगडाही वयात आलेला असतोच असं नाही.

पिल्लं पकडली जातात ती कशी, हे समजायला जाळ्याची भूमिती बघावी लागते, आणि मला हा भाग फार आवडतो. ट्रॉलर बोट नरसाळ्याच्या आकाराचं जाळं ओढत नेते. पुढे तोंड रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं, आणि शेवटी बंद पिशवी. सगळी मासळी त्या पिशवीत गोळा होते, त्यामुळे पिल्लू सुटणार की नाही हे तिथेच ठरतं. जाळ्याच्या एका भोकाला कोळी 'आस' म्हणतात. आस मोजायची ती ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. ३५ मिलिमीटरची आस म्हणजे तिची प्रत्येक बाजू १७.५ मिलिमीटर.

नेहमीच्या जाळ्यात ही आस शंकरपाळीसारखी असते, एक टोक बोटीकडे, एक मागे. बोट ओढू लागली, पिशवीत वजन भरलं आणि पाण्याचा रेटा आला की शंकरपाळी लांबट होत मिटते. समजा दोन बाजूंमधला कोन २० अंशांवर आला. मग भोकाची रुंदी उरते जेमतेम ६ मिलिमीटर, पेन्सिलीच्या जाडीपेक्षा कमी. क्षेत्रफळ १७.५ गुणिले १७.५ गुणिले २० अंशांची ज्या (त्रिकोणमितीतला साइन), म्हणजे सुमारे १०५ चौरस मिलिमीटर. कागदावर आस ३५ मिलिमीटरचीच आहे, पण पाण्यात तिच्यातून बोटाएवढं पिल्लूही निसटत नाही.

आता तेच जाळं ४५ अंशांनी फिरवून शिवा. दोन दोरे ओढण्याच्या दिशेला समांतर, दोन आडवे. ओढ सगळी उभ्या दोऱ्यांवर येते, आडव्यांवर फारशी नाही, त्यामुळे भोक चौकोनीच राहतं. क्षेत्रफळ ३०६ चौरस मिलिमीटर, जवळपास तिप्पट. तोच दोरा आणि तीच गाठ, फक्त दिशा बदलली. हे घरी करून बघता येतं. कांद्याची चौकोनी भोकांच्या लाल जाळीची रिकामी पिशवी घ्या. तळ आणि तोंड धरून सरळ ओढा, भोकं उघडी राहतात. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरकी ओढा. डोळ्यांदेखत सगळी भोकं मिटून फटी होतात.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने चौकोनी आसेचा पुरस्कार केला, आणि किनारी राज्यांच्या नियमांत ३५ किंवा ४० मिलिमीटरची चौकोनी आस आली ती याच कारणासाठी. मात्र चौकोन सर्वांना सारखा मानवत नाही. बांगड्यासारख्या गोलसर अंगाच्या माशाला तो सोयीचा. पापलेटसारखं चपटं, उंच अंग शंकरपाळीतून जास्त सहज जातं. सगळ्या मासळीला एकच जाळं लावून भागत नाही ते यामुळे.

जाळं बदलणं हा उपायाचा एक भाग झाला. एलईडीचे प्रखर दिवे लावून मासळी एका जागी जमवायची आणि पर्ससीनने, म्हणजे तळाशी बटव्यासारखं आवळल्या जाणाऱ्या जाळ्याने, थवाच्या थवा वेढायचा, किंवा दोन बोटींनी मिळून एकच अवाढव्य जाळं तळावरून फरफटत न्यायचं, या पद्धतींत लहानमोठं असं काही उरतच नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याचा कायदा चालतो. पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीत या दोन्ही पद्धतींवर बंदी घातली. पण बारा मैलांच्या आत कारवारचा नियम वेगळा, गोव्याचा वेगळा, सिंधुदुर्गाचा वेगळा. बांगड्याचा थवा मात्र तिन्हीकडून फिरतो. सीमेवर राहणाऱ्या आम्हाला ही अडचण समजायला वेळ लागत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी असते. दर्याला नारळ दिला की तो शांत होतो असं मानणारे अजून आहेत. समुद्र शांत होतो तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर ओसरतो म्हणून. नारळाचा त्यात काही हात नाही. पण नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटण्याची रीत शहाणपणाची होती, कारण बऱ्याच मासळीचा विणीचा काळ त्यात सांभाळला जायचा. आज त्या रिवाजाची जागा कायद्याने घेतली आहे, ती टिकायला हवी.

आणि हे सगळं बेळगावात बसून का बोलायचं? म्हादई उगम पावते आमच्या खानापूर तालुक्यात आणि पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. शिवाय बारीक मासळी खपते ती आमच्यासारख्यांच्या घरात.

या रविवारी मावशींकडे मोठेच बांगडे मागितले. दर जास्त पडला. एक पट्टीत मावलाच नाही, २१ सेंटीमीटर भरला. पोट फाडलं तर आत पिवळसर गाबोळी होती. मुलीला बोलावून दाखवली.